मिश्र दुहेरीतली तिसरी

मी जपानात नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना कधीच पटलं नाही. "एकाने बोललेलं दुसऱ्याला सांगायचं, एवढंच ना? त्यात काय काम?" असं त्या म्हणायच्या. पुढे मी एका बॅडमिंटन संघाकडे, तेही मिश्र दुहेरीच्या प्रशिक्षकाबरोबर काम करायला लागले, तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, "म्हणजे नवरा-बायकोचा खेळ का गं?"

"नाही हो आई, कुठलेही दोघं."

"कुठलेही दोघं? मग अवघड आहे," त्या म्हणाल्या.

या खेळाबद्दल इतकं नेमकं बोलणारं माणूस मला नंतर फारसं भेटलं नाही.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात असतानाच जपानी शिकले, लग्नानंतर नवऱ्याला टोकियोतल्या एका आयटी कंपनीचं कंत्राट मिळालं आणि आम्ही फुनाबोरीला येऊन राहिलो ते राहिलोच. मुलगी इथेच वाढली; मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. मी सुरुवातीची बरीच वर्षं सॉफ्टवेअरच्या मीटिंगांमध्ये दुभाषी म्हणून काढली. दोन्ही बाजूंना जो नकार द्यायचाय तो न दुखावता पोचवायचा, हे तिथलं कसब. मग एक दिवस एजन्सीचा फोन आला: "केळकर-सान, तुम्हाला बॅडमिंटन कळतं का?" जपानीत ळ नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ते "केरुकारु-सान" असं ऐकू आलं. मी शाळा-कॉलेजात दुहेरी खेळले होते. कळतं म्हटलं. त्यांना तेवढंच हवं होतं, कारण आधीच्या दुभाष्याने घोटाळा केला होता. प्रशिक्षक एका मुलाला ओरडून सांगत होते, "ड्रॉप! ड्रॉप!" म्हणजे शटल हलकेच नेटजवळ टाक. दुभाष्याने त्या मुलाला सांगितलं की तुला संघातून वगळलंय. मुलगा रॅकेट बॅगेत भरून रडत घरी गेला.

जपानात मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरीवर ठेवतात. सकाळी ऑफिसात बसायचं, दुपारनंतर सराव. हा संघ यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा होता, आणि त्यांचं व्यायामगृह उरायासुच्या बाजूला, भराव घातलेल्या जमिनीवर. उन्हाळ्यात तिथे जाणं म्हणजे शिक्षा. शटल वाऱ्याने भरकटतं म्हणून ना पंखा, ना एसी, ना खिडकी उघडी. दाराशी बूट बदलायचे आणि आत शिरायचं, की गरम रबराचा आणि घामाचा वास तोंडावर यायचा.

बेंट मला पहिल्यांदा तिथेच भेटला. डेन्मार्कचा, पन्नाशी उलटलेला, उंच, चालताना डावा खुबा किंचित ओढणारा. निवृत्त मिश्र दुहेरीपटू. "मेधा" हे नाव त्याच्या तोंडी "मेडा" झालं. त्याचं इंग्रजी असं, की अर्धे शब्द घशातच राहायचे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मी थोडं बोलतो. तूही थोडं बोल."

थोडं बोलणं जपानीत सोपं नाही. इंग्रजीत "नको" आधी येतो. जपानीत, आपल्या मराठीसारखाच, शेवटी. बेंट म्हणायचा मारू नकोस, आणि माझ्या वाक्यातला "नकोस" पोचेपर्यंत मुलीने मारलेलं असायचं. मग आम्ही नकारच काढून टाकले. "मारू नकोस"च्या जागी "थांब". "मागे जाऊ नकोस"च्या जागी "पुढे". दोन महिन्यांत आमचं एक छोटंसं बोलणं तयार झालं. ते धड इंग्रजीही नव्हतं आणि जपानीही नव्हतं.

बाहेरच्यांना माहीत नसतो असा आमच्या धंद्याचा एक नियम आहे. दुभाष्याने "ते म्हणतात की" असं म्हणायचं नसतं. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. बेंट म्हणाला, "मी खूश नाही," की मी, घामाने डबडबलेली एक पंचेचाळिशीची बाई, जपानीत म्हणायचे, "मी खूश नाही." खेळाडू माझ्याकडे बघून मान लववायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे हसू येईनासं झालं.

आता मिश्र दुहेरीबद्दल. बाई पुढे, नेटपाशी, पुरुष मागे. तो मागून जोरात मारतो, समोरच्याचं शटल कसंबसं परत येतं, आणि ती नेटवर उभी राहून ते संपवते. दिसायला एवढंच. पण समोरचे दोघेही मूर्ख नसतात. समोरचा पुरुष आपल्या बाईवर मारतो, मुद्दाम, सारखा. कारण सगळ्यांना वाटतं की कच्ची बाजू तीच. बेंट म्हणायचा, "सामना ती जिंकते. मी फक्त तिला शटल आणून देणारा वेटर." शिवाय एक गोष्ट, जी टीव्हीवर कळत नाही: मागे उभ्या असलेल्या पुरुषाला खेळताना तिचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसते तिची पाठ, आणि टाचा. ती घाबरलीय, थकलीय, तिला दुखतंय, हे सगळं त्याला पाठीवरून ओळखावं लागतं. सासूबाई म्हणाल्या तसंच. अवघड आहे.

ज्या जोडीसाठी बेंटला खास बोलावलं होतं, ती हायासे-सान आणि कुदो-सान यांची. हायासे-सान सेंदाईची, पंचविशी ओलांडलेली, बुटकी, गप्प. नेटवर मात्र तिच्या रॅकेटपुढे काही टिकायचं नाही. कुदो-सान उंच, हसरा, जरा आळशी. दोघं एकमेकांशी खेळाबाहेर एक शब्द बोलायचे नाहीत. खेळात त्याने पाय उचलायच्या आत तिला कळायचं तो कुठे जाणार ते. बेंटने पहिल्यांदा त्यांचा खेळ शेवटपर्यंत बघितला. मी पेन धरून उभी होते. शेवटी म्हणाला, "यांना मी काय शिकवू? यांना फक्त सांभाळायचंय." आणि मग घाईने, "हे भाषांतर करू नको."

त्याची स्वतःची गोष्ट मला कळली ती बुलेट ट्रेनमध्ये. उत्तरेकडची एक स्पर्धा हरून आम्ही परत येत होतो. खेळाडू झोपले होते. बेंट स्टेशनवरच्या कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेलं अंड्याचं सँडविच खात होता. जपानातलं हेच एक खाणं त्याला मनापासून आवडायचं. मी सहज विचारलं, तू खेळणं का सोडलंस?

त्याच्या गावात एक हॉल होता. थंडीचे सहा महिने करायला दुसरं काही नसल्यामुळे सगळं गाव तिथे बॅडमिंटन खेळायचं. आन्नलीस त्याच हॉलमधली. शेजारच्या शेतावरची मुलगी. प्रशिक्षकाने लहानपणी सहज दोघांना एका बाजूला उभं केलं, आणि ते तरुणपण संपेपर्यंत एका बाजूलाच उभे राहिले. जगभर खेळले. खूप जिंकले नाहीत. उपांत्य फेरीपर्यंत जायचे आणि तिथे हरायचे. "आमच्याकडे वर्तमानपत्रवाले आम्हाला 'जवळजवळ' म्हणायचे," तो म्हणाला. "जवळजवळ आले बघा."

मग जपानातलीच एक स्पर्धा. पुन्हा उपांत्य फेरी. सामन्याआधी आन्नलीस म्हणाली, टाच आखडल्यासारखी वाटतेय. काही नाही, होईल मोकळी.

"मला माहीत होतं," बेंट म्हणाला. "मी आठवडाभर तिच्या मागे उभा होतो, मला दिसत होतं. ती त्या पायावर उशिरा टेकत होती. मी म्हटलं, एकच सामना गं. फक्त एक. आम्ही पुढे होतो, मेडा. जिंकत होतो. आणि तो आवाज झाला."

टाचेची मोठी शीर तुटते तेव्हा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं.

"मला वाटलं, माझ्या रॅकेटची तार तुटली. मी खाली बघितलं, रॅकेटकडे. आन्नलीस जमिनीवर पडली होती आणि मी आधी रॅकेट बघितली."

आन्नलीस पुन्हा खेळली नाही. लंगडणंही पूर्ण गेलं नाही. तिने बेंटला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याच्या बोलण्यावरून वाटलं, तिने दिला असता तर बरं झालं असतं. तो मग दुसऱ्या मुलींबरोबर खेळला. "मागे उभा राहायचो आणि शटलच्या ऐवजी त्यांच्या टाचा बघायचो. त्या टेकल्या की कान टवकारायचो. टाचा बघणारा माणूस काय जिंकणार?" असं दोन हंगाम काढून त्याने सोडलं. सँडविचचा कागद त्याने नीट घडी करून खिशात ठेवला, कारण गाडीतल्या कचऱ्याच्या कुठल्या डब्यात तो टाकायचा हे त्याला अजून कळत नव्हतं.

हे मी यासाठी सांगतेय, की पुढचं जे झालं त्यात बेंटला दुसरं काही करता आलं असतं असं कुणाला वाटू नये. मीही वर्षभर तेच शोधत होते. मला तरी सापडलं नाही.

शरद ऋतूत, वर्षाअखेरीच्या मोठ्या स्पर्धेच्या थोडं आधी, हायासे-सान डाव्या पायावर उशिरा टेकायला लागली. मला काही दिसलं नव्हतं. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या बेंटला मात्र दिसलं. त्याने सराव थांबवला.

"तिला विचार, टाच दुखते का."

मी विचारलं. ती म्हणाली, "दाइजोबु देस." जपानात राहिलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक आहे. "ठीक आहे" इथपासून "मरतेय पण तुम्ही लक्ष देऊ नका" इथपर्यंत त्याचा कुठलाही अर्थ होतो. मी बेंटला शब्द सांगितला आणि वर हेही सांगितलं, की हा शब्द ऐकून काहीच कळत नाही. तो म्हणाला, "डॅनिशमध्येही आहे असा शब्द. मी ओळखतो त्याला."

डॉक्टरांकडे बेंट आणि मी बरोबर गेलो. त्यांनी फोटो दाखवले, शीर एका जागी झिजलेली होती. खेळली तर टिकेलही, तुटेलही. काही महिने विश्रांती घेतली तर पूर्ण बरी होईल. बेंटने विचारलं, तुटण्याची शक्यता किती? डॉक्टर म्हणाले, ते कुणी सांगू शकणार नाही. मी भाषांतर केलं. बेंटने मान हलवली. मला वाटतं, त्याचा निर्णय त्याआधीच झालेला होता.

त्याच आठवड्यात इवाकी-बुचो व्यायामगृहात आले. ते कंपनीतले विभागप्रमुख, संघाचं खातं त्यांच्याकडे. सहसा ते फोन करायचे. स्वतः येणं विशेष होतं. सूट घातलेले, पायात पाहुण्यांच्या सपाता. ते बेंटपुढे वाकले आणि म्हणाले, "शक्य असेल तर या स्पर्धेत सर्वांत चांगली जोडी उतरवावी, अशी मनापासून विनंती आहे. या खेपेला, विशेषकरून."

मी सांगितलं. आणि माझ्या कामाची मर्यादा थोडी ओलांडून बेंटला वेगळं म्हणाले, "हे असं कधी बोलत नाहीत. यामागे काहीतरी आहे."

"सगळे मॅनेजर प्रत्येक स्पर्धेला हेच म्हणतात."

"मी विचारू का त्यांना? या खेपेलाच का, म्हणून?"

"विचार."

मी विचारलं. इवाकी-बुचोंनी श्वास आत ओढला, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "ते जरा..." वाक्य तिथेच संपलं. जपानीत ते तिथेच संपतं. त्याचा अर्थ "सांगू शकत नाही" असा असतो. मी बेंटला तसं सांगितलं.

"मग मीही ऐकू शकत नाही," बेंट म्हणाला. "त्यांना सांग, मुलीचा पाय झिजलाय."

मी सांगितलं. इवाकी-बुचो पुन्हा वाकले, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले राहिले, आणि गेले. दाराशी ते सपाता काढून स्वतःचे बूट घालत होते तेव्हा त्यांचा पाय बुटात शिरेना. मी ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी बेंटने हायासे-सानला बाजूला बोलावलं. आम्ही तिघं बाकावर बसलो, मी मध्ये.

बेंट म्हणाला, आणि मी म्हणाले, "मी तुम्हाला या स्पर्धेत खेळवणार नाही."

ती माझ्याकडे बघत होती. "माझी टाच ठीक आहे."

"नाही. मी तुमच्या मागे उभा राहून बघितलंय."

"तुटली तर माझी तुटेल. जबाबदारी माझी. कागदावर लिहून देते."

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा बेंटने डोळे मिटले. "हेच ती पण म्हणाली असती," तो पुटपुटला. मी थांबले. हे सांगायचं का? त्याने मानेनेच नको म्हटलं. मग तो सावकाश, एकेक शब्द तोडत बोलला, आणि मी तसंच बोलले: "तुमच्यापुढे अजून खूप वर्षं आहेत. पुढच्या वर्षी तुम्ही इथेच, याच स्पर्धेत खेळाल. मी शब्द देतो."

जपानीत पुरुषाचा "मी" आणि बाईचा "मी" वेगळा असू शकतो. मी नेहमी असा "मी" वापरायचे जो दोघांनाही चालतो. त्यामुळे ते वाक्य कुणाच्याही तोंडी शोभण्यासारखं होतं.

ती उठली, वाकली, "समजलं" म्हणाली आणि फरशी पुसायचा बोळा घेऊन कोर्ट पुसायला लागली. त्या दिवशी पुसायची पाळी तिची नव्हती.

कुदो-सान एका नव्या मुलीबरोबर खेळला आणि दुसऱ्याच फेरीत हरला. हायासे-सान वरच्या बाकांवर बाकी संघाबरोबर टाळ्या वाजवत होती. त्यांच्याकडे टाळ्यांची पण ठरलेली लय असते. तिची एकदाही चुकली नाही.

स्पर्धा संपल्यावर लगेचच सगळ्यांना ऑफिसच्या मोठ्या खोलीत बोलावलं. इवाकी-बुचोंनी उभं राहून वाचलं, की कंपनीच्या परिस्थितीमुळे या हंगामाअखेर बॅडमिंटन संघाला "क्यूबु" देण्यात येत आहे. या शब्दाची फोड केली तर अर्थ होतो संघाची विश्रांती.

मी बेंटच्या कानाशी तेच सांगितलं, अक्षरशः. तो म्हणाला, "विश्रांती? ठीक आहे. किती दिवस?"

"बेंट, शब्द विश्रांतीचा आहे. पण संघ बंद झालाय."

"ते बंद म्हणाले?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"खोलीत सगळ्यांना कळलंय."

त्याने मान वर करून खोलीभर बघितलं. वीसेक तरुण मुलं-मुली, एकजात बुटांकडे बघत बसलेली. मग त्याची नजर हायासे-सानवर गेली, आणि तो इवाकी-बुचोंकडे वळून मोठ्याने म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

हे वाक्य मी खोलीत, सगळ्यांसमोर, म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं." इवाकी-बुचोंनी हातातल्या कागदाची घडी केली. त्यांचे डोळे भरलेले होते. मागाहून कळलं की वरिष्ठांनी घोषणेआधी तोंड उघडायला मनाई केली होती, आणि तरी त्यांनी त्या दिवशी सपाता घालून येऊन जितकं सांगता येईल तितकं सांगितलं होतं. माझा त्यांच्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हायासे-सान भिंतीला टेकून उभी होती. मी जवळून जाताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी खेळाल, म्हणाला होतात."

"हायासे-सान, ते बेंट-सान..."

"मला माहीत आहे ते कोण म्हणालं." तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पण मला इंग्रजी येत नाही. मी ऐकलं ते तुमच्या आवाजात. रोज रात्री आठवतं ते तुमच्या आवाजात."

घरी नवरा म्हणाला, "तुझा काय संबंध? तू फक्त सांगितलंस." बरोबर आहे. मुलगी अभ्यास करत होती, तिने मान वर न करता जपानीत म्हटलं, "शोगानाइ." इलाज नाही. तेही बरोबरच आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन त्या आठवड्याचा कचरा वेगळा करत बसले, बाटल्या इकडे, झाकणं तिकडे.

कुदो-सानला दुसऱ्या कंपनीच्या संघाने लगेच घेतलं. तो आता पुरुष दुहेरी खेळतो. हायासे-साननेही अर्ज केले. बेंटने स्वतः ओळखीच्या प्रशिक्षकांना फोन केले, मी शेजारी बसून बोलले. सगळीकडे तोच प्रश्न: शेवटच्या स्पर्धेत ती का नव्हती? टाचेसाठी थांबवलं होतं, असं खरं सांगितलं की पलीकडचा आवाज विनम्र व्हायचा. वय, पाय, मिश्र दुहेरी. आम्ही विचार करून कळवतो. जपानीत "विचार करून कळवतो" याचाही अर्थ ठरलेला आहे. एकदा बेंटने मला फोनवर हात ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "मी तिला खेळवलं असतं आणि पाय टिकला असता, तर?"

"तर तिला संघ मिळाला असता."

"आणि तुटला असता, तर?"

मी फोनवरचा हात तसाच दाबून धरला. तो म्हणाला, "मी एकदा खेळवलं, एकदा नाही खेळवलं." एवढंच. वसंतात तो डेन्मार्कला परत गेला. विमानतळावर त्याला चाकाची खुर्ची घ्यावी लागली, खुबा इतका बिघडला होता. खेळाडूंपैकी कुदो-सान आला होता. हायासे-सान आली नव्हती.

माझंही काम त्यानंतर आटत गेलं. मीटिंगांमध्ये आता टेबलावर एक यंत्र ठेवतात, ते बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवतं. मला बोलावतात ते यंत्राने काही भलतंच तर लिहिलं नाही ना, हे बघायला. ते बऱ्यापैकी बरोबर लिहितं. "ते जरा..." आलं की मात्र तेवढंच लिहून थांबतं. खोलीतले परदेशी पुढच्या शब्दांची वाट बघत राहतात, आणि मला कुणी विचारलं नाही तर मी सांगत नाही.

अशाच एका कामासाठी मागच्या शरद ऋतूत सेंदाईला गेले होते, विद्यापीठात संशोधकांची सभा होती. हायासे-सान संघ सुटल्यावर कंपनीच्याच तिथल्या शाखेत बदलून गेली होती. जाण्याआधी मी तिला निरोप पाठवला, उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं. सुट्टीच्या दुपारी ती सायकलवरून आली. केस वाढवले होते. आम्ही चहा प्यायलो. ऑर्डरी घेण्याच्या विभागात आहे, म्हणाली. माणसं चांगली आहेत. रॅकेट आईकडे माळ्यावर आहे. कुदो-सानचा सामना मध्यंतरी टीव्हीवर लागला होता, तेव्हा ती अंगणात जाऊन बसली.

निघताना सायकल-स्टँडपाशी मी विचारलं, "टाच कशी आहे?"

तिने सायकलला हात टेकवला आणि एकट्या डाव्या पायाच्या चवड्यावर उभी राहिली. ऑफिसचे काळे बूट होते. वर, खाली. पुन्हा वर, खाली. कितीतरी वेळ. येणारे-जाणारे बघत होते. तिला दम लागला तशी ती थांबली.

"काही होत नाही हिला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, म्हातारपणापर्यंत टिकेल." मग म्हणाली, "बेंट-सानना सांगाल?"

"काय सांगू?"

"हेच. की टाच शाबूत आहे."

मी धंद्याच्या सवयीने विचारलं, "हायासे-सान, हे आभार मानून सांगायचं, की तक्रार म्हणून? मला सूर कळायला हवा."

ती बराच वेळ सायकलच्या कुलपाशी खटपट करत राहिली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी रोज बघते, सकाळी मोजा घालताना. मला नाही माहीत."

परतल्यावर मी बेंटला फोन लावला. इथे दुपार होती, तिकडे सकाळ. मी फक्त तिचे शब्द सांगितले, सूर न लावता. "टाच शाबूत आहे. म्हातारपणापर्यंत टिकेल."

मग त्याने विचारलं, "खेळते?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

मग तो म्हणाला, "तिला सांग..."

मी पेन उचललं. इतक्या वर्षांची सवय, वही समोर ओढली, कान फोनला लावून बसले. खालून शाळेतून येणाऱ्या मुलांचे आवाज येत होते. मी वाट बघत होते. वाक्य कसंही असलं तरी मी ते नीट पोचवलं असतं.

"नको," बेंट म्हणाला. "काही नाही." मग म्हणाला, की तिकडे पाऊस पडतोय, खुब्याचं ऑपरेशन लांबलंय, आणि कुत्र्याला फिरवायला न्यायचंय. आम्ही फोन ठेवला.

त्यालाही आता वर्ष होत आलं. हायासे-साननेही मला कधी विचारलं नाही, ते काय म्हणाले म्हणून.